फेब्रुवारीतला पाचोळा जुलैत लागतो

पुण्यात जानेवारी सरत आला की सकाळी साडेसहाच्या सुमाराला एक ठरावीक वास येतो. रात्रभर गळलेला पाचोळा झाडून रस्त्याच्या कडेला छोटे-छोटे ढीग लावलेले असतात आणि त्यातल्या एखाद्यातून पांढरट धूर निघत असतो. थंडीच्या सकाळी जमिनीलगतची हवा गार असते आणि तिच्यावर उबदार हवेचं झाकण बसलेलं असतं. त्यामुळे धूर वर जातच नाही, गल्लीत पसरून राहतो. शाळेच्या बसची वाट बघणारी मुलं तोच श्वासात घेतात.

आता जुलै. तीच गल्ली. सोसायटीच्या मागच्या बाजूला ओल्या कचऱ्याचे चार हौद, आणि पाऊस लागून राहिलेला. झाकण उघडलं की रुमाल नाकाला जातो. तळातून काळं पाणी, वर पांढऱ्या अळ्यांची वळवळ, पहिल्या मजल्यावरच्या काकूंची तक्रार, आणि कमिटीच्या बैठकीत एकच सूर: बंद करा हे, सगळं गाडीत देऊन टाकू. आमच्याकडे दोन पावसाळे हेच झालं. मी तेव्हा कमिटीत होते. दोन्ही वेळा आम्ही विरजण, म्हणजे खताचं जिवाणूंचं कल्चर, वाढवलं, फवारे मारले, हौद सांभाळणारा माणूसही बदलला. चूक कुठे होती ते तिसऱ्या वर्षी कळलं. हौदात पाचोळाच नव्हता. तो आम्ही फेब्रुवारीत पोत्यांत भरून ‘घेऊन जा बाबा’ म्हणत देऊन टाकला होता.

हिवाळ्यातला धूर आणि पावसाळ्यातली दुर्गंधी या आपण दोन तक्रारी समजतो, दोन वेगळ्या खात्यांकडे करतो. माझ्या मते ती एकच तक्रार आहे. शहर जे फेब्रुवारीत जाळतं, त्याचीच त्याला जुलैत उणीव भासते. हे कसं, ते समजून घ्यायला आधी खत होताना ढिगात काय घडतं ते बघावं लागेल.

ढिगातली भाकरी आणि डाळ

कचऱ्याचं खत आपण करत नाही, जिवाणू आणि बुरशी करतात. आपलं काम त्यांना नीट जेवायला घालायचं. त्यांच्या ताटात दोन गोष्टी लागतात: कार्बन आणि नायट्रोजन. कार्बन म्हणजे त्यांची भाकरी, ताकद देणारी. नायट्रोजन म्हणजे डाळ, त्यातून त्यांची शरीरं बनतात आणि त्यांची संख्या वाढते. एक भाग नायट्रोजनमागे साधारण २५ ते ३० भाग कार्बन असला की काम झपाट्याने होतं.

स्वयंपाकघरातला ओला कचरा, म्हणजे भाजीची देठं, फळांची सालं, उरलेला भात, चहाचा चोथा, या सगळ्यांत डाळ जास्त. तिथे हे प्रमाण १५ ते २० च्या आसपास असतं. वाळलेल्या पानांत भाकरी जास्त: झाडाप्रमाणे ४० ते ८० पर्यंत. लाकडाच्या भुशात तर कित्येक शे. नुसता ओला कचरा साठवला तर जास्तीचा नायट्रोजन अमोनिया होऊन उडतो, तोच तो नाकात झोंबणारा वास. नुसता पाचोळा साठवला तर वास येत नाही, पण वर्ष उलटलं तरी पानं ओळखू येतात.

दुसरी गोष्ट ओलाव्याची. ओल्या कचऱ्यात वजनाच्या तीन-चतुर्थांशाहून जास्त पाणीच असतं. खत व्हायला ५० ते ६० टक्के ओलावा पुरतो. त्याहून जास्त झालं की पाणी मधल्या फटी भरून टाकतं आणि हवा आत जात नाही. मग हवेवर जगणारे जिवाणू मागे पडतात आणि हवेशिवाय जगणारे राज्य करतात. सडका वास ही त्यांची खूण. कणीक सैल झाली तर आपण कोरडं पीठ लावतो, तसंच इथे कोरडा पाचोळा लावायचा. तो पाणी शोषतो, फटी मोकळ्या ठेवतो आणि कमी पडलेली भाकरीही पुरवतो. एका घटकाने तिन्ही कामं होतात, म्हणून त्याला पर्याय शोधणं महाग पडतं. बरेच लोक कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, विकत आणतात. ते चालतं, पण दारातल्या रेनट्रीखाली जे फुकट पडतं त्यासाठी पैसे का मोजायचे?

प्रमाणाचा एक हिशेब मी मांडून बघितला. १० किलो ओल्या कचऱ्याला साधारण ३ किलो कोरडा पाचोळा घातला की कार्बनही बसतो आणि ओलावाही साठीच्या जवळ येतो. वजनात ३ किलो म्हणजे थोडं वाटतं, पण न चुरलेली पानं प्रचंड जागा खातात. चुरून घेतली तर सोपं सूत्र हाती लागतं: एक बादली ओला कचरा, एक बादली चुरलेला पाचोळा. हौदावर काम करणाऱ्या आमच्या ताईंना तराजू लागत नाही. त्या मूठभर मिश्रण हातात घेऊन दाबतात. बोटांतून एखाद-दुसरा थेंब आला तर ठीक, धार लागली तर अजून पाचोळा, काहीच आलं नाही आणि गोळाही झाला नाही तर पाण्याचा शिडकावा.

सगळं जमलं की ढीग तापतो. घनमीटरभर आकाराच्या ढिगाचा गाभा ५५ ते ६५ अंशांपर्यंत जातो. आत लोखंडी सळई खुपसून पाच मिनिटांनी काढली तर हातात धरवत नाही. ही उष्णता फार मोलाची. ५५ अंशांवर सलग तीनेक दिवस राहिलं की रोगजंतू, माशांच्या अळ्या आणि तणाचं बी मरतं. छोट्या कुंडीत ही धग टिकत नाही, म्हणून बाल्कनीतलं खत हळू होतं. त्यात बिघडलेलं काही नसतं, फक्त धीर लागतो.

पाने-पानेही सारखी नसतात. गुलमोहर, शिरीष, रेनट्री, सुबाभूळ यांची पानं बारीक आणि शेंगवर्गीय झाडांची, म्हणून नायट्रोजनही बऱ्यापैकी. ती लवकर कुजतात. आंबा, फणस, बकुळ, खोटा अशोक, बांबू यांची पानं चिवट, काहींवर मेणासारखा थर. ती चुरल्याशिवाय घातली तर खत तयार झाल्यावरही चाळणीवर जशीच्या तशी राहतात. ती फेकायची नाहीत, पुढच्या हौदात पुन्हा घालायची. त्यांच्यावर आता जिवाणूंची वस्ती झालेली असते, तेच उत्तम विरजण. विकतचं कल्चर पहिल्या वेळी लागतं. त्यानंतर जुन्या हौदातली दोन घमेली पुरेशी होतात.

या थरांच्या पद्धतीला आपल्या शेजारीच एक जुना संदर्भ आहे. १९२० च्या दशकात अल्बर्ट हॉवर्ड हे कृषिशास्त्रज्ञ होळकरांच्या इंदूरमधल्या संशोधन संस्थेत काम करत होते. शेतातला काडीकचरा आणि शेण यांचे थर लावून, वेळोवेळी पलटून खत करण्याची शिस्तबद्ध रीत त्यांनी तिथे बसवली. हे ज्ञान त्यांनी भारतातल्या शेतकऱ्यांकडूनही घेतलं होतं. जगभर ती ‘इंदूर पद्धत’ म्हणूनच ओळखली गेली. त्यातलं काडीकचऱ्याचं काम आज शहरात पाचोळा करू शकतो.

मग तो जाळला का जातो?

झाडणकामगारांवर राग काढणं सोपं आहे. पण त्यांच्या जागी उभं राहून बघा. फेब्रुवारी-मार्चमध्ये वडा-पिंपळाच्या रस्त्यावर एका माणसाच्या वाट्याला रोज दहा-बारा पोती पाचोळा येतो. ढकलगाडीत दोन पोत्यांत जागा संपते. घंटागाडी ओला आणि सुका कचरा घेते, पाचोळा घेत नाही, आणि घेतला तर हलक्या पानांनीच गाडी भरून जाते. ढीग तसाच ठेवला तर वाऱ्याने पुन्हा रस्ताभर पसरतो, आणि मुकादमाचा ओरडा त्या माणसालाच खावा लागतो. एक काडी लावली की पंधरा मिनिटांत सगळं मिटतं. जोवर तो ढीग उचलायला कुणी येणार नाही, तोवर काडी लागणारच.

जाळणं बेकायदा आहे, हे बहुतेकांना माहीतही आहे. ८ एप्रिल २०१६ रोजी केंद्राने घनकचरा व्यवस्थापनाचे जे नियम अधिसूचित केले, त्यांत कचरा रस्त्यावर, मोकळ्या जागेत, नाल्यात टाकणं, जाळणं किंवा पुरणं यांना मनाई केली आणि बागेतला कचरा आपल्या आवारातच वेगळा साठवायला सांगितलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळण्याला ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्याला २५,००० रुपये भरपाई ठरवली. धुरातले अतिसूक्ष्म कण, कार्बन मोनॉक्साइड आणि अर्धवट जळलेले विषारी घटक थेट फुप्फुसात जातात. पाचोळ्यात गुटख्याची पाकिटं आणि पिशव्या असतातच, त्यामुळे नुसती पानं जळत नाहीत. दंड असावा, याबद्दल माझं दुमत नाही. पण पाच हजारांच्या दंडाची पावती अकरा हजार पगाराच्या माणसाच्या हाती देऊन धूर थांबवता येईल, हे मला पटत नाही. आधी गाडी पाठवा, मग पावती फाडा.

जागच्या जागी, गल्लीत, मग शहराबाहेर

पाचोळ्यासाठी सर्वांत स्वस्त जागा म्हणजे तो जिथे पडला ती. झाडाखाली चार-सहा इंच पानांचा थर राहिला तर मातीतलं पाणी उडत नाही, पावसाने माती वाहून जात नाही आणि झाडाला आपलंच खत मिळतं. जंगलात हेच चालतं. शहरात मात्र आपण बुंध्यापर्यंत फरसबंदी करतो, मग पानांना पडायला मातीच उरत नाही. झाडाभोवती निदान तीन-चार फुटांचं मातीचं आळं मोकळं ठेवलं तर थोडा तरी पाचोळा जागेवरच मुरतो. बागेचा आणि सोसायटीचा माळी ‘स्वच्छ’ म्हणून रोज तासभर झाडतो, त्यातला बराचसा वेळ वाचू शकतो. उघडी, झाडून काढलेली माती स्वच्छ दिसते, पण ती उपाशी असते.

उरलेल्याला पिंजरा. बांबूच्या किंवा लोखंडी जाळीचा, चार बाय चार फूट, उंची छातीपर्यंत. पानं टाकायची, तुडवायची, पंधरा दिवसांतून एकदा पाणी मारायचं. पुण्यात या पाचोळ्यासाठी ‘ब्राउन लीफ’ नावाचा उपक्रम २०१६ पासून चालतो. ज्यांच्याकडे पानं जास्त आहेत आणि ज्यांना बागेसाठी हवी आहेत, त्यांची गाठ घालून द्यायची, इतकी ती साधी कल्पना. एकाचं ओझं दुसऱ्याच्या गच्चीवरची माती होते. मला त्यातली सगळ्यांत चांगली गोष्ट ही वाटते की पाचोळ्याला कुणीतरी मागणारा मिळाला की तो कचरा राहतच नाही.

साठवणीची धास्ती सगळ्यांनाच असते, म्हणून आमच्या सोसायटीचा आकडा सांगते. १०० घरं, घरटी रोज अर्धा किलो ओला कचरा धरला तर ५० किलो. त्याला रोज १५ किलो पाचोळा. पावसाळ्याचे १२० दिवस म्हणजे १,८०० किलो. चुरून ठेवला तर हा साठा साधारण एका मोटारीच्या पार्किंगइतक्या जागेत, कमरेइतक्या उंचीत मावतो. वरून पत्रा हवा आणि बाजूंनी वारा हवा. वीजमीटर, गाड्या आणि गॅसच्या टाक्या यांच्यापासून लांब, कारण कोरडा पाचोळा पेट घेतो. आजूबाजूला सिगारेट ओढायची नाही, हे रखवालदाराला आणि पाहुण्यांना दोघांनाही सांगून ठेवायचं. सापांची भीती लोक काढतात, ती खोटी नाही. म्हणून जमिनीवर उघडा ढीग नको, विटांवर उचललेला आणि बांधीव कोपरा असावा, आणि उपसताना काठीने हलवून मगच हात घालावा.

चुरण्याचं यंत्र म्हणजे श्रेडर प्रत्येक सोसायटीने घ्यायची गरज नाही. मोसम दोन-तीन महिन्यांचा, यंत्र महाग, आणि हारातला दोरा किंवा नायलॉनची सुतळी पात्याला गुंडाळली की ते बसतं. हे काम फिरत्या यंत्राचं आहे. वॉर्डात एक टेंपो, त्यावर श्रेडर, वारानुसार फेरी. सोमवारी या गल्लीत, मंगळवारी त्या. लोक आदल्या दिवशी पोती भरून ठेवतात, यंत्र चुरून देतं, हवं त्याने ठेवून घ्यायचं, नको त्याचं वॉर्डाच्या शेडमध्ये जमा. पाच पोत्यांचं एक होतं म्हणजे वाहतुकीचा खर्चही घटतो.

फांद्यांचं गणित निराळं. पावसाळ्याआधी एप्रिल-मेमध्ये उद्यान विभाग आणि वीज कंपनी तारांना लागणाऱ्या फांद्या छाटतात. झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, महाराष्ट्रात त्यासाठी १९७५ चा कायदा आहे. पण छाटलेल्या फांद्या कुणी कधी उचलायच्या, हे मात्र बऱ्याचदा हवेतच राहतं. त्या पदपथावर पडून राहतात आणि त्यांवर हळूहळू इतर कचरा साचतो. मनगटाएवढ्या जाडीचं लाकूड जळणाला जातं. त्याहून बारीक फांद्यांचे यंत्राने तुकडे केले तर ते खताच्या ढिगात हवा खेळती ठेवायला फार उपयोगी. ते एका फेरीत कुजत नाहीत, चाळून तीन-चार वेळा पुन्हा वापरता येतात. लाकडाचा बारीक चुरा दाबून विटकुरं करतात, त्यांना कारखान्यांच्या बॉयलरमध्ये ‘पांढरा कोळसा’ म्हणून गिऱ्हाईक असतं.

गॅस कशातून निघतो आणि कशातून नाही

शहराच्या कचऱ्याची चर्चा सुरू झाली की कुणीतरी म्हणतं, ‘सगळ्याचा गॅस करा ना, इंदूरसारखा.’ इंदूरने ते केलं आहे, हे खरं. देवगुराडियाच्या जुन्या कचराडेपोच्या जागेवर १९ फेब्रुवारी २०२२ रोजी रोज ५५० टन ओला कचरा घेणारा प्रकल्प सुरू झाला. रोज सुमारे १७,००० किलो जैव-सीएनजी देण्याची त्याची क्षमता आहे. त्यावर शहराच्या बस धावतात, शिवाय खतही मिळतं.

पण त्या टाकीत पाचोळा चालत नाही. गॅसची टाकी म्हणजे हवाबंद पोट. तिथले जिवाणू भात, भाजी, मासळीचं डोकं, हॉटेलमधलं उरलेलं अन्न पटकन पचवतात आणि मिथेन सोडतात. वाळलेल्या पानाला आणि लाकडाला ताठ ठेवणारा जो लिग्निन नावाचा घटक असतो, तो त्यांना हवेशिवाय फोडता येत नाही. तो फोडते बुरशी, आणि बुरशीला हवा लागते. पानं टाकीत घातली तर ती वर तरंगतात, साय धरतात, पाइप तुंबवतात. म्हणून ओल्या कचऱ्यालाही दोन वाटा असाव्यात. हॉटेलं, मंगल कार्यालयं आणि खाणावळींचं शिजलेलं अन्न गॅसला. पानं, फांद्या, फुलं आणि त्यांच्याबरोबर सोसायट्यांचा भाजीपाल्याचा कचरा खताला. मंडईतला टाकाऊ भाजीपाला दोन्हीकडे चालतो.

पुण्यात महापालिकेने पाच-पाच टनांचे बायोगॅस प्रकल्प वेगवेगळ्या भागांत उभारले. त्यांतले अनेक पूर्ण क्षमतेने चालू शकले नाहीत. मिसळून आलेला कचरा हे त्यामागचं एक मोठं कारण. टाकीत शहाळ्याची कवटी, हाड, प्लॅस्टिक गेलं की पोट बिघडतं. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेल्या ‘निसर्गऋण’ या बायोगॅसच्या तंत्रातही पहिली पायरी हातांनी निवडण्याचीच आहे. यंत्र कुठलंही आणा, घरातल्या दोन बादल्यांशिवाय ते चालत नाही. इंदूरचं यश त्या टाकीत जेवढं आहे, त्याहून जास्त दारात वेगळा घेतलेल्या कचऱ्यात आहे.

दारातलं हे काम पुण्यात कोण करतं, तेही सांगायला हवं. कचरावेचकांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ १९९३ मध्ये उभी राहिली. तिच्यातून पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था झाली आणि २००८ पासून ती महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा घेते. तीन हजारांहून अधिक सभासद, बहुसंख्य बाया. गणपतीत नदीकाठी निर्माल्य वेगळं करायलाही त्याच उभ्या असतात, प्रत्येक हारातून दोरा, प्लॅस्टिकची फुलं, थर्माकोल काढत. ते काम घरातच करून निर्माल्य दिलं तर त्यांचे कित्येक तास वाचतील, आणि ते निर्माल्य थेट खतात जाईल. फुलं ओली आणि नायट्रोजनयुक्त असतात, म्हणजे त्यांनाही पाचोळ्याची जोड हवीच. पण गणपती भाद्रपदात, पाचोळा माघ-फाल्गुनात. पुन्हा साठवणीवरच येऊन थांबतो आपण.

डेपोत गेलं तर काय होतं

भारतातल्या शहरांच्या कचऱ्यात निम्म्याच्या आसपास किंवा जास्त भाग कुजणारा असतो. तो मिसळून डेपोत गेला की ढिगाच्या पोटात हवा नसते, मिथेन बनतो आणि पेटतो. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट आसपास उष्णता धरतो, वीस वर्षांच्या हिशेबात ८० पटींच्या घरात. जानेवारी २०१६ मध्ये मुंबईतल्या देवनारच्या डेपोला लागलेल्या आगीचा धूर उपग्रहातून दिसला होता.

पुण्याचा डेपो उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या हद्दीत, १६३ एकरांवर. तिथल्या विहिरींचं पाणी बिघडलं, माश्यांनी जेवण नकोसं केलं, आणि अनेक वर्षं तिथले लोक हे सहन करत आले. एप्रिल २०१७ मध्ये डेपोला आग लागली तेव्हा गावकऱ्यांनी सुमारे तीन आठवडे शहराच्या गाड्या आत येऊ दिल्या नाहीत. त्या दिवसांत आमच्या चौकात कचरा साठला आणि लोक वैतागले. मला मात्र तेव्हा प्रथमच नीट समजलं की माझ्या घरातलं केळ्याचं साल कुठल्यातरी गावाच्या विहिरीपर्यंत पोचतं. त्या लोकांचा राग रास्त होता. पुढच्या वर्षी आम्ही सोसायटीत हौद बांधले, त्याचं खरं कारण तो उन्हाळा.

कायदा आणि पैसा

२०१६ च्या नियमांनी ५,००० चौरस मीटरहून मोठ्या वसाहतींना आणि संस्थांना ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायला सांगितलं, आणि रोज १०० किलोहून जास्त कचरा करणाऱ्यांना मोठे कचरा-उत्पादक ठरवलं. पुण्यात गांडूळखत, सौरऊर्जा, पर्जन्यजलसंधारण यांपैकी एक सोय चालू असेल तर मिळकतकरात ५ टक्के, दोन असतील तर १० टक्के सवलत मिळते. सवलत चांगली आहे, पण ती हौद बांधल्याची न राहता हौद चालवल्याची असायला हवी. पावसाळ्यात एकदा येऊन झाकण उघडून बघणारा निरीक्षक हवा. जुलैत ज्याचा हौद वास मारत नाही, त्याचा खरोखर चालतो.

तयार खताला बाजार मिळेल का, हा प्रश्न शहराच्या पातळीवर अवघड आहे. केंद्राने २०१६ मध्ये शहरी कंपोस्टच्या विक्रीला टनाला १,५०० रुपये साहाय्य जाहीर केलं, महाराष्ट्राने ‘हरित महासिटी कंपोस्ट’ असा ब्रँडही काढला. पण शेतकरी मालाची परीक्षा हातात घेऊन करतो. काचेचा तुकडा किंवा प्लॅस्टिकची चिंधी दिसली की पुढच्या वर्षी तो येत नाही. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी शिसं किलोला १०० मिलिग्रॅम आणि कॅडमियम ५ मिलिग्रॅमच्या आत असण्याची अट आहे. बॅटऱ्या आणि रंगाचे डबे ओल्या कचऱ्यात मिसळले तर ती पाळता येत नाही. स्वतंत्र गोळा केलेल्या पाचोळ्याचं खत या बाबतीत सर्वांत निर्धोक. शहराच्या स्वतःच्या बागा, दुभाजक आणि रोपवाटिका यांनाच त्यातलं बरंचसं पुरेल. बागेतून पानं बाहेर पाठवायची आणि बागेसाठी माती-खत विकत आणायचं, हा दुहेरी खर्च कुठलाही घरधनी करणार नाही.

आपले जे नातेवाईक कॅलिफोर्नियात राहतात त्यांना हे वेगळ्या रूपात ओळखीचं असेल. तिथे २०२२ पासून राज्याच्या कायद्याने अन्न आणि अंगणातला कचरा वेगळा गोळा करण्याची सोय देणं शहरांवर बंधनकारक झालं. सॅन फ्रान्सिस्कोने तर २००९ मध्येच प्रत्येक घराला तो वेगळा द्यायला लावला. तिथल्या हिरव्या डब्यात पानं आणि अन्न एकत्र जातात, म्हणजे भाकरी-डाळीची जोडी डब्यातच जमते. आपल्याकडे ती जोडी मुद्दाम जमवावी लागते, कारण पानं रस्त्यावरची आणि अन्न घरातलं, आणि दोघांचे मोसमही वेगळे.

म्हणून वॉर्ड ऑफिसकडे काही मागायचं तर ते तारखांसकट मागावं. निविदा दिवाळीआधी निघाली पाहिजे, कारण पानगळ सुरू झाल्यावर काढलेल्या निविदेचं यंत्र एप्रिलात येतं आणि तोवर पाचोळा जळून गेलेला असतो. डिसेंबरात शेडची जागा, उद्यानाचा एखादा कोपरा किंवा उड्डाणपुलाखालची तारेने बंद केलेली जागा ठरलेली असावी. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात झाडणकामगारांच्या हाती रिकामी पोती आणि गल्लीच्या भिंतीवर टेंपोच्या फेरीचे वार असावेत. मार्चअखेर साठा किती झाला ते फलकावर लिहावं. जूनपासून ज्या सोसायट्यांकडे झाडं नाहीत त्यांना चुरलेला पाचोळा पोत्याच्या भावाने मिळावा. नव्या टॉवरांत झाडं कमी आणि ओला कचरा भरपूर, तर जुन्या वाड्यांच्या आणि बंगल्यांच्या भागात नेमकं उलट.

आमच्या हौदांचं सांगायचं राहिलं. तिसऱ्या वर्षी पाचोळा साठवला, त्या जुलैत काकूंची तक्रार आली नाही. पहिलं खत चाळून निघालं तेव्हा ताईंनी त्यात मूठभर मूग पेरले. खत कच्चं असेल तर मूग कुजतात किंवा पिवळे पडतात. पाचव्या दिवशी हिरवे कोंब वर आले, तेव्हा पोती भरली आणि रस्त्याकडेच्या त्याच रेनट्रीच्या आळ्यात पहिली दोन रिकामी केली.